स्क्रॅच ज्युनिअर म्हणजे छोटं स्क्रॅच नव्हे

स्क्रॅच म्हणजे सूचनांचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, एकमेकांना जोडून मुलांनी स्वतः गोष्टी आणि खेळ बनवायचं प्रोग्रामिंग. बऱ्याच पालकांना वाटतं की स्क्रॅच ज्युनिअर म्हणजे स्क्रॅचचंच लहान व्हर्जन, आधी हे संपवायचं मग ते, पहिली झाली की दुसरी तसं. मलाही तसंच वाटायचं. पण पहिलीतली भाची आणि पाचवीतला भाचा, दोघांसोबत बसल्यावर मत बदललं.

वरवरचा फरक पटकन सांगते. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं, २००७ पासूनचं, साधारण ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी. ज्युनिअर २०१४ मध्ये आलं, ५ ते ७ वर्षांच्या पोरांसाठी, त्यातल्या ब्लॉकवर शब्द नाहीत, चित्रं आहेत, त्यामुळे वाचता न येणारं मूलही खुशाल खेळतं. तिथे ब्लॉक डावीकडून उजवीकडे जोडायचे, स्क्रॅचमध्ये वरून खाली. दोन्ही फुकट.

खरा फरक कळला तो सर्दीच्या खेळात. घरात एकाला सर्दी झाली की सगळ्यांना कशी होते ते दोघांनी आपापल्या प्रोजेक्टमध्ये दाखवायचं होतं. भाचीने ज्युनिअरमध्ये मांजर चालवत नेलं, ते दुसऱ्याला धडकलं की दुसरं शिंकतं, कारण "धडकल्यावर सुरू हो" असा ब्लॉक तिथे आहे. फार गोड झालं! पण हिरवा झेंडा, म्हणजे सुरू करायचं बटण, कितीही वेळा दाबा, तेच मांजर त्यालाच धडकणार, कारण ज्युनिअरमध्ये रँडम (दर वेळी आपोआप वेगळं काही निवडणं) नाही, "जर असं झालं तर तसं कर" नाही, आणि किती जण आजारी पडले ते मोजायला व्हेरिएबलही (बदलता आकडा लक्षात ठेवणारी जागा) नाही.

भाच्याने स्क्रॅचमध्ये एका ठिपक्याचे ५० क्लोन, म्हणजे हुबेहूब नकला, केले (३०० पर्यंत होतात), प्रत्येकाला रँडम दिशा, लाल ठिपक्याला शिवला की लाल, आणि व्हेरिएबलला स्लायडर (सरकवायची पट्टी) लावून वेग कमीजास्त करत बसला. दर वेळी साथ वेगळी पसरायची आणि तो आधी अंदाज सांगायचा, मग बघायचा, चुकला की परत, जेवायला हाक मारली तरी उठेना. सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या घटनेची कॉम्प्युटरवरची नक्कल, म्हणतात ते हे. ज्युनिअर गोष्ट सांगायला आहे, आणि त्या वयात मला तेच जास्त मोलाचं वाटतं, पहिलीच्या मुलीला व्हेरिएबलच्या मागे लावू नका.

आणि एक, ज्युनिअरचं प्रोजेक्ट स्क्रॅचमध्ये उघडत नाही, ते परत हाताने बनवावं लागतं, म्हणून आवडतं काम असेल तर व्हिडिओ काढून ठेवा.