पिंपरीच्या मातीतलं बुरशीनाशक

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स म्हटलं की पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आठवतो. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तो उभा राहिला. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने तपासत असत, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. पिंपरीच्या मातीतल्या एका जिवाणूला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना असं नाव दिलं. त्याच्यापासून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळालं. पुढे ते मुख्यतः वरून लावण्यापुरतंच वापरलं गेलं. तरीही ही कामगिरी शाळेच्या पुस्तकात यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शोधाची रीत साधी होती. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात घोळायची, ते पाणी पुन्हापुन्हा पातळ करायचं आणि त्यातला थेंब आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पोषक थराच्या, थाळीवर पसरायचा. काही दिवसांत वसाहती दिसू लागतात. त्यांतल्या स्ट्रेप्टोमायसिसच्या वसाहती चटकन ओळखू येतात: कोरड्या, खडूची भुकटी भुरभुरल्यासारख्या, आणि झाकण उघडताच पहिल्या पावसाचा वास! तो वास खरोखर यांचाच. जिओस्मिन हे त्यामागचं रसायन. मग शेजारी रोगजंतू वाढवायचा. वसाहतीभोवती त्याची वाढ थांबून स्वच्छ कडं पडलं, तर तिथे औषधाची शक्यता आहे.

याच रीतीने १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयरोगावर गुण देणारं ते पहिलं प्रतिजैविक. पुढची दोन दशकं औषधांची रांग लागली. नंतर मात्र तीच ती रसायनं पुन्हा सापडू लागली आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला.

माती संपली नव्हती, आपली रीत तोकडी पडत होती. मातीतले बहुसंख्य जिवाणू थाळीवर वाढतच नाहीत. जे वाढतात, तेही सगळं काही दाखवत नाहीत. २००२ साली स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशी रसायनं बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह त्यात निघाले. त्यांतली मोजकीच रसायनं तोवर माहीत होती.

यावर बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या स्लाव्हा एपस्टाइन आणि किम लुईस यांनी जिवाणूंना त्यांच्याच मातीत वाढवायचं ठरवलं. आयचिप नावाच्या चकतीत बारीक छिद्रं असतात. प्रत्येकात साधारण एकच पेशी अडकेल अशी योजना करून दोन्ही बाजूंना पातळ पडदा लावतात आणि चकती मातीत पुरतात. अन्नद्रव्यं आत येतात, जिवाणू बाहेर जात नाही. मेन राज्यातल्या मातीतून असंच टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक मिळालं. २०१५ साली ते जाहीर झालं.

वनस्पतींवरचे जिवाणूही आता या शोधात आलेत. बटाटा सडवणाऱ्या डिकेया सोलानीपासून २०२२ मध्ये सोलानिमायसिन हे बुरशीनाशक मिळालं.

मला सर्वांत भावतो तो कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा धीर. घरामागच्या अंगणातल्या मातीतले जिवाणू त्यांनी सुमारे वर्षभर वाढू दिले, म्हणजे सावकाश वाढणारेही मागे राहू नयेत. त्यांतल्याच पेनिबॅसिलस गटातल्या एका जिवाणूने लारिओसिडिन हे प्रतिजैविक दिलं. २०२५ साली जाहीर झालेलं हे रसायन जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला नव्याच जागी चिकटतं. उंदरांवर ते गुणकारी ठरलं. माणसांसाठी त्याच्या रेणूत सुधारणा करायचं काम अजून बाकी आहे.