प्राचीन इजिप्तचे दगडी स्तंभ

प्राचीन इजिप्तच्या राजांनी उभारलेल्या पिरॅमिड-संकुलांतील व मंदिरांतील, बहुधा वनस्पतींच्या आकारात घडवलेले खांब. राजवाडे कच्च्या विटांचे असल्याने बहुतेक मातीस मिळाले; त्यामुळे या कलेचा अभ्यास मुख्यतः दगडी मंदिरांवरूनच होतो.

सक्कारा येथे जोसर राजाच्या पायरी-पिरॅमिडच्या संकुलात (इ. स. पू. सु. २६५०) प्रवेशमार्गाच्या दुतर्फा बोरूच्या जुडीसारखे दिसणारे चुनखडीचे खांब आहेत. ते सुटे नाहीत. प्रत्येक खांब आखूड भिंतीने मागच्या भिंतीशी जोडलेला आहे. दगडाच्या खांबावर भार सोपवण्याचा धीर अजून आला नव्हता, असे ते पाहून वाटते. तिथल्याच एका इमारतीच्या भिंतीत पपायरसचे तीन देठ कोरले आहेत. पपायरस लव्हाळ्याच्या कुळातला. त्याचा देठ तिधारी असतो. कारागिरांनी ती धार दगडातही राखली. पाचव्या राजवंशातील साहुरे राजाच्या अबुसीर येथील मंदिरात मात्र खजुराच्या झाडासारखे ग्रॅनाइटचे खांब सुटे उभे राहिले. त्यांच्या झावळ्यांखाली दोरीचे वेढेही कोरलेले आहेत.

कारनाक येथील अमुन देवाच्या मंदिरातील महास्तंभमंडप हा या परंपरेचा कळस होय. राजा पहिला सेती व त्याचा मुलगा दुसरा रामसेस यांच्या काळात तो घडला. त्यात १३४ खांब आहेत. मधले १२ सुमारे २१ मीटर उंच असून त्यांचे माथे उमललेल्या पपायरसचे आहेत. बाजूच्या १२२ बुटक्या खांबांवर मिटलेल्या कळ्या आहेत. उंचीतल्या या फरकामुळे मधल्या छताखाली दगडी जाळ्यांच्या खिडक्या बसवता आल्या. उजेड मधोमध उतरतो, तिथेच फुले उमललेली. कडेच्या अंधारात कळ्या मिटलेल्या. सृष्टीच्या आरंभी पाण्यातून वर आलेल्या भूमीवरील दलदल मंदिरात साकारावी, हा या रचनेमागचा विचार मानला जातो. सेतीच्या काळातील शिल्पे उठावाची आहेत, तर रामसेसच्या काळातील बरीचशी दगडात खोल कोरलेली.

हे खांब अखंड नसून वालुकाश्माचे तुकडे थरांवर थर रचून उभारलेले आहेत. बांधकाम चढेल तशी मंडपात माती भरत नेत आणि पुढे ती काढताना वरून खाली कोरीवकाम करत, असे अभ्यासक मानतात. १८९९ मध्ये यांतील ११ खांब कोसळले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जॉर्ज लग्रँ यांनी ते पुन्हा उभे केले, तेही मातीचे भराव घालूनच.