ट्रॅकर, त्याचं नाक आणि त्याचे पाच क्लोन

ट्रॅकर हा जर्मन शेफर्ड. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या पोलीस दलात त्याने बरीच वर्षं नोकरी केली, लपवलेला माल शोधायचा, हरवलेली माणसं शोधायची, आणि मे 2001 मध्ये तो रिटायर झाला. पुढे सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर कोसळले तेव्हा त्याचा हँडलर, म्हणजे त्याला कामावर सांभाळणारा पोलीस, जेम्स सिमिंग्टन रिटायर झालेल्या या कुत्र्याला गाडीत घेऊन तडक निघाला, जवळपास पंधरा तासांचा रस्ता. 12 सप्टेंबरला ढिगाऱ्यात एका जागी ट्रॅकरने इथे जिवंत माणूस आहे अशी खूण दिली. तब्बल 27 तास अडकून पडलेली एक बाई त्या दिवशी बाहेर निघाली, तिथून जिवंत निघालेलं ते शेवटचं माणूस, आणि तिचा पत्ता लावल्याचं श्रेय ट्रॅकरला दिलं जातं.

आता ढिगाऱ्यात कुत्रा नेमकं काय हुंगतो? आपला श्वास, घाम, अंगावरून सतत झडणाऱ्या त्वचेच्या पेशी, या सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो आणि तो फटींमधून वाट काढत वर येतो, पण सरळ वर येतोच असं नाही, वाऱ्याने भलतीकडेच निघतो, म्हणून कुत्र्याला तो कुठून येतोय हे पुढेमागे फिरून काढावं लागतं. हुंगताना तो सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत घेतो. त्यातला थोडासाच भाग नाकाच्या अगदी मागच्या, वास ओळखणाऱ्या कप्प्यात जातो, बाकीची हवा फुप्फुसाकडे. आणि श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही, हे मला फार भारी वाटतं! पण उन्हातान्हात जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला की त्याला नीट हुंगता येत नाही. म्हणजे दमलेल्या कुत्र्याचं नाकही दमतं, आणि हे काम अंगमेहनतीचंच आहे, नुसती निसर्गाची देणगी म्हणून सोडून देऊ नये.

2008 मध्ये अमेरिकेतल्या बायोआर्ट्स कंपनीने कुत्र्याचा फुकट क्लोन, म्हणजे त्याच्याच डीएनएचं दुसरं पिल्लू, करून द्यायची स्पर्धा ठेवली आणि सिमिंग्टनने ट्रॅकरसाठी ती जिंकली. कुत्र्याचं क्लोनिंग फार अवघड, कारण त्यासाठी लागणारं कुत्रीचं बीजांड अंडाशयातून कच्चंच बाहेर पडतं आणि पिकतं पुढे बीजवाहिनीत, त्यामुळे ते योग्य वेळी मिळवणं हीच मोठी कटकट. 2005 मध्ये दक्षिण कोरियात स्नपी हा पहिला क्लोन कुत्रा झाला, त्यासाठी हजारावर भ्रूण 123 कुत्र्यांच्या पोटात ठेवले होते आणि जगलं ते एकच पिल्लू. एवढ्या कुत्र्यांना त्यातून जावं लागलं हे मला आजही खटकतं.

ट्रॅकरची मात्र पाच क्लोन पिल्लं झाली, जून 2009 मध्ये सिमिंग्टनच्या हाती आली. ट्रॅकर त्याआधीच, एप्रिलमध्ये गेला, शेवटी शेवटी त्याचे मागचे पायच चालत नव्हते.

पिल्लांकडे त्याचा डीएनए आला, पण तो रस्त्यावर काय शिकला, कुठल्या वासाला बक्षीस मिळतं, हँडलरचा आवाज बदलला की काय समजायचं, हे त्याच्या मेंदूत वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्कं झालेलं, ते डीएनएत लिहिलेलंच नसतं. मग जीन्सचा काहीच उपयोग नाही का? तसंही नाही. कोरियाच्या कस्टम्स खात्याने चेस नावाच्या ड्रग्ज शोधणाऱ्या लॅब्रेडॉरचे सात क्लोन 2007 मध्ये तयार करून घेतले, आणि त्यातले बहुतेक ट्रेनिंगमध्ये पास झाले, साध्या पिल्लांमध्ये मात्र बरीच गळती होते. कामाची हौस, चिकाटी, न घाबरणं, यात रक्ताचा वाटा आहे तर. पण कामावर उभं राहण्याआधी त्यांनाही महिनोन्महिने शिकावंच लागलं, ओळखायचा एकेक वास, अगदी पहिल्यापासून.