बाळाचं पुरळ आणि आईचं ताट

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या घरांत बाळंतिणीच्या ताटावर सगळ्यांची नजर असते. बाळाच्या गालांवर पुरळ दिसलं की पहिला प्रश्न सुनेला येतो, ‘काल सुंगटां खाल्लीस?’ मग कोळंबी बंद, तिसऱ्या (शिंपल्या) बंद, काजू बंद, पुढे अंडंही बंद. बाळाच्या बापाला लहानपणी दमा होता का, हे सहसा कुणी विचारत नाही. गंमत अशी, की या विषयातलं वैद्यकशास्त्रही बराच काळ सासूबाईंच्याच वाटेने चाललं. खरं तर सुरुवात त्याने बरोबर केली होती.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी आणला. दहा वर्षांनी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक आणि आल्बर्ट व्हॅण्डर वीर यांनी ५०४ रुग्णांच्या घराण्यांचा धांडोळा घेतला. जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरात आधी कुणाला तरी तसाच त्रास झालेला होता. आई आणि वडील दोघांकडून वारसा आलेल्यांना त्रास लवकर, लहान वयातच सुरू होत होता. त्यांचं सर्वांत मोलाचं निरीक्षण मात्र वेगळंच होतं. पालकाला ज्या पदार्थाचा त्रास होतो, त्याच पदार्थाचा मुलाला होईल असं नाही. वारशाने उतरते ती फक्त शरीराची तशी प्रवृत्ती. बापाला परागकणांनी शिंका येतात, मुलाला अंडं सोसत नाही, असं एकाच घरात घडू शकतं. आजही यापेक्षा फार वेगळं सांगता येत नाही, म्हणून शंभर वर्षांपूर्वीची ही नोंद मला थक्क करते.

पुढचा प्रयोग गोंयकारांना जवळचा वाटावा असा, कारण त्यात मासळी आहे. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात (आज ते पोलंडमध्ये आहे) हाइन्झ क्युस्टनर नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला शिजवलेला मासा चालत नसे. १९२१ साली त्याचं रक्तद्रव सहकारी कार्ल प्राउस्निट्सने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. मासा सहज पचवणाऱ्या प्राउस्निट्सच्या त्वचेवर त्या जागी गांधी उठली! म्हणजे त्रासाचं मूळ रक्तातल्या कुठल्यातरी घटकात होतं. त्या घटकाची ओळख पटायला १९६६-६७ उजाडलं. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दाम्पत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. आज त्याला आपण ‘आयजीई’ (एक प्रकारचं प्रतिपिंड) म्हणतो.

घटक रक्तात आहे म्हटल्यावर आईच्या रक्तातून तो थेट बाळाला मिळत असेल, असा अंदाज सहज होतो. पण आयजीई सहसा वार (प्लॅसेंटा) ओलांडत नाही. नाळेतल्या रक्तात तो जवळजवळ नसतोच. बाळ स्वतःचा आयजीई स्वतः तयार करतं. आईवडिलांकडून येते ती तयार करण्याची घाई.

संशयाची सुई आईच्या ताटाकडे वळली ती दुधामुळे. १९२१ मध्येच अमेरिकेतल्या शॅनन या डॉक्टरने आईने खाल्लेल्या अन्नातली प्रथिनं अंगावरच्या दुधात उतरतात हे गिनीपिगवरच्या प्रयोगांतून दाखवलं. ते खरंच आहे, आजच्या चाचण्यांतही अंड्याचं, गायीच्या दुधाचं, शेंगदाण्याचं प्रथिन अत्यल्प प्रमाणात सापडतं. १९३६ साली शिकागोच्या ग्रुली आणि सॅनफर्ड यांनी २०,०६१ बाळांच्या नोंदी तपासल्या. गायीच्या दुधावर वाढलेल्यांत इसब अंगावर पिणाऱ्यांच्या सातपट दिसला. स्तनपानाची बाजू भक्कम झाली, पण त्याबरोबर दुसरा तर्कही रुजला: दूध चांगलं, मग त्यात उतरणारं अन्न आईने निवडून खाल्लं तर आणखी चांगलं.

या तर्काने १९९० नंतर सरकारी सल्ल्याचं रूप घेतलं. आई, वडील किंवा भावंड यांपैकी कुणाला ॲलर्जी असेल, तर गरोदर आणि स्तनदा आईने शेंगदाणे टाळलेले बरे, असं ब्रिटनमध्ये १९९८ साली सांगितलं गेलं. २००० साली अमेरिकन बालरोग अकादमीने अशा घरांतल्या बाळांना गायीचं दूध एक वर्षापर्यंत, अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, काजू-बदाम, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नका असं सुचवलं. मासे तीन वर्षं नाहीत! मांडवीकाठी बसून हा सल्ला पाळायचा म्हणजे घरच्या चुलीशीच वैर.

फायदा काही दिसला नाही. कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात गरोदरपणातल्या पथ्याने बाळाची ॲलर्जी टळल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट पथ्य पाळणाऱ्या आयांचं वजन थोडं कमी वाढलं. अमेरिकेने आपला सल्ला २००८ साली आणि ब्रिटनने २००९ साली मागे घेतला. ज्या बायांनी वर्षानुवर्षं उपाशीपोटी अपराधीपण बाळगलं, त्यांच्याकडे मात्र कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं माझ्या वाचनात नाही.

पारडं पूर्ण फिरवलं ते गिडियन लॅक यांच्या लंडनमधल्या गटाने. इस्रायलमधली ज्यू बाळं लवकरच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळतात, लंडनमधली ज्यू बाळं तो खात नाहीत. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी लंडनच्या मुलांत दसपट, हे २००८ साली दिसलं. मग तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं निवडून निम्म्यांना शेंगदाणे खाऊ घातले, निम्म्यांना दूर ठेवलं. २०१५ मध्ये निकाल आला. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्क्यांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना. (आख्खा दाणा तान्ह्याला कधीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो, बारीक वाटून, पातळ करूनच द्यायचा. आणि बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.)

मग पालकांकडून नेमकं येतं काय? एक ठोस उत्तर २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातून मिळालं. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला की त्वचेचा बांध कच्चा राहतो, इसब होतो. २०११ मध्ये त्याचा शेंगदाण्याच्या ॲलर्जीशीही संबंध दिसला. हा दोष बापाकडूनही येतो आणि आईकडूनही. फुटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण आधी शिरले, तर शरीर त्यांना शत्रू मानायला शिकतं. तोंडावाटे आधी गेले, तर मित्र, असा आजचा कयास आहे.

कोळंबीच्या बाबतीत आपल्या हवेचाही हात असू शकतो. कोळंबीतलं मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन ट्रोपोमायोसिन आहे, हे दाखवणाऱ्या १९९३ च्या कामात बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शांती आणि सुब्बा राव यांचा वाटा होता. तसंच प्रथिन झुरळांत आणि गादीतल्या धूळ-किड्यांतही असतं. पुढे अमेरिकेत धर्मामुळे कधीच कोळंबी न खाल्लेल्या ज्यूंची त्वचा-चाचणी कोळंबीला होकारार्थी आली. त्यांना धूळ-किड्यांची ॲलर्जी होती. गोव्याच्या पावसाळ्यात दमट गादी-उशांत हे किडे माजतात. अशा घरात कुणाची कोळंबीची चाचणी होकारार्थी आली, तर खापर कोळंबीच्या सुक्याच्या वाटीवर फोडण्याआधी गाद्यांना ऊन दाखवायला हवं.

चाचणी आणि आजार यांत फरक किती, ते शेजारच्या कर्नाटकात दिसलं. बंगळूरू-म्हैसूरच्या प्रौढांत कुठल्यातरी अन्नाला आयजीई असणारे २६.५ टक्के होते, प्रत्यक्ष अन्न-ॲलर्जी असण्याची शक्यता होती १.२ टक्क्यांना. रक्ताचा नुसता अहवाल हातात धरून लेकराचे दहा पदार्थ तोडणाऱ्यांनी हे आकडे फ्रीजवर चिकटवावेत.

वारशाला वातावरण कसं वळण देतं, याचा पुरावा मेलबर्नमधून आला. पूर्व आशियात जन्मलेल्या पालकांच्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या बाळांत शेंगदाण्याची ॲलर्जी ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या पालकांच्या बाळांपेक्षा तिपटीहून जास्त आढळली, पालकांना स्वतःला फारसा त्रास नसताना. युरोपातल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासात उलटं चित्र आहे: गरोदरपणी गोठ्यात वावरलेल्या आयांच्या मुलांत ॲलर्जीची प्रवृत्ती कमी. ॲडलेडमध्ये गरोदर आयांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा त्यांच्या बाळांत अंड्याची त्वचा-चाचणी होकारार्थी येण्याचं प्रमाण १५ वरून ९ टक्क्यांवर आलं, एकूण अन्न-ॲलर्जी मात्र ठामपणे घटली नाही. म्हणून बांगडा औषध ठरत नाही, पण गरोदर बाईच्या ताटातून तो हाकलायचंही कारण उरत नाही.

बापाकडे लक्ष अलीकडे वळलं आहे. गर्भधारणेआधीच्या बापाच्या धूम्रपानाचा मुलांच्या दम्याशी संबंध उत्तर युरोपातल्या अभ्यासांत दिसला आहे. आईच्या पथ्याला आज मोजकीच सयुक्तिक जागा उरते, उदाहरणार्थ: अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसले आणि डॉक्टरांना गायीच्या दुधाचा संशय आला, तर आईने दोन-चार आठवडे दूध-दही बंद ठेवून पाहायचं, मग पुन्हा सुरू करून खात्री करायची. तेवढ्या काळात तिला कॅल्शियम मिळतंय ना, हे घरातल्यांनी बघायचं.