सागवानी कपाट की सागवान प्लायचं? बेसिन बसवण्याआधी बघून घ्या

आजीच्या खोलीतलं ड्रॉवरवालं कपाट बेसिनखाली ठेवायचं म्हटलं, की घरातलं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘‘सागवानी आहे, त्याला काय होतंय!’’ पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर विक्रेताही हेच सांगतो. कपाट खरंच सागवानी असेलही. पण पुष्कळदा ते सागवान प्लायचं असतं, म्हणजे आत साधं प्लाय आणि वर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा सागाचा पापुद्रा, म्हणजे व्हेनियर. पॉलिश केल्यावर समोरून दोन्ही सारखीच दिसतात. दिवाणखान्यात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. बेसिनखाली तो पहिल्याच पावसाळ्यात दिसतो.

ओळखायला पॉलिशकडे बघू नका. दाराची एक बिजागरी सोडवा आणि तिच्या खाचेत टॉर्च मारा. भरीव लाकडात खाच तळापर्यंत एकाच पिवळसर तपकिरी रंगाची असते. प्लायमध्ये फिकट-गडद थर एकावर एक दिसतात. बिजागरी गंजून बसली असेल, तर फळीची खालची, कुणी न रंगवलेली कड बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवर उतरून पुढे जातात का? भरीव फळीत जातात. व्हेनियरमध्ये रेषा काठावर तुटते आणि तिथे बऱ्याचदा एक चिकटवलेली पट्टी असते. दोन्ही दारांवरचं लाकडाच्या रेषांचं नक्षीदार चित्र आरशातल्यासारखं जुळत असेल, तर ते बहुधा व्हेनियरच. वजनावर मात्र विसंबू नका, चांगलं प्लायही जड असतं. एक बारीक भोक पाडून बघायची तयारी असेल, तर सागाचा भुसा बोटांना किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो.

आता पाण्याचं. भरीव लाकूड हलतं. पुण्यात एप्रिल-मेची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा यांत 20 इंच रुंद सागवानी फळी दोन-तीन मिलिमीटर फुगू-आकसू शकते. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे ती सहसा कुजत नाही आणि हवा कोरडी झाली की परत जागेवर येते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते रुंदीत जवळजवळ हलत नाही. म्हणजे ऐकायला प्लायच बरं वाटतं. पण त्याच्या उघड्या कडेतून पाणी आत गेलं आणि आतला गोंद साधा असेल, तर थर सुटतात, व्हेनियरला फोड येतात आणि ते काही परत बसत नाहीत. फर्निचरचं साधं कमर्शिअल प्लाय आणि आयएस 710 या भारतीय मानकाचं, पाण्यात टिकणारं मरीन प्लाय यांतला फरक मुख्यतः इथेच, गोंदात आहे. जुन्या कपाटावर शिक्का सापडायची शक्यता कमी, तेव्हा साधंच आहे असं धरून चाला.

त्यामुळे सुताराला सांगायच्या सूचनाही उलट्या. सागवानी असेल, तर तो बिनधास्त रंधा मारून जुने डाग काढू शकतो. वरची फळी मात्र खालून घट्ट ठोकून टाकू देऊ नका, स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा, नाहीतर हलायला जागा न मिळाल्याने ती तडकते. पॉलिश वरून आणि खालून, दोन्हीकडून. एकाच बाजूला केलं, की फळी वाकडी होते. ‘खालचं कोण बघतंय’ हे वाक्य ऐकू आलं, की तिथेच थांबवा. भिंतीशी सांधा सिलिकॉनने भरा, पांढऱ्या सिमेंटने नको.

प्लायच्या कपाटावर सँडिंग मशीन चालवायचंच नाही, व्हेनियर क्षणात घासून जाऊन आतलं प्लाय उघडं पडतं. हाताने, बारीक कागदाने, रेषेच्या दिशेने घासायचं. वरचा पृष्ठभाग ओला होऊ द्यायचाच नाही, म्हणून त्यावर ग्रॅनाइट टाका. 18 मिलिमीटर जाडीची 4 बाय 2 फुटांची लादी साधारण 36 किलोंची होते, तेव्हा आत आधाराची चौकट हवी. वेस्ट पाइपसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड इपॉक्सीने किंवा पीयूने (पॉलियुरेथेन, पाणी आत न शिरू देणारा लेप) पूर्ण बंद करा. प्लाय सडायला सुरुवात होते ती बहुधा याच भोकापाशी, कारण पॉलिशवाला तिथे पोचतच नाही.

पॉलिशचा प्रश्न दोन्हीकडे सारखा. जुन्यावर बहुतेक लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं आणि पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात. ड्रॉवरच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा दाबून बघा. बोळा तपकिरी झाला, हात चिकटला, तर लाख आहे. ती उतरवून दोन घटकांचं पीयू लावा.

उंचीही आधी मोजा. बेसिनची कड जमिनीपासून 32 ते 34 इंचांवर सोयीची पडते. टेबलटॉप, म्हणजे कपाटाच्या वर ठेवायचं बेसिन स्वतःच पाच-सहा इंच उंच, म्हणून कपाट 27-28 इंचांचं हवं. आजीचं कपाट बहुधा त्याहून उंच निघतं. मग पाय कापा, किंवा बेसिन काउंटरमध्ये उतरवा. वरच्या ड्रॉवरला बॉटल ट्रॅपसाठी (बेसिनखालचा, दुर्गंध अडवणारा बाटलीसारखा भाग) मागून यू आकाराचा काप द्यावा लागतोच.

पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये एक बेसिन डायनिंगजवळच्या पॅसेजमध्ये असतं. माझं मत विचाराल तर जुन्या कपाटाची हक्काची जागा ती. बादली-मग्याच्या न्हाणीघरात जमिनीवर रोज पाणी असतं. तिथे सागवानी कपाटसुद्धा चार पायांवर, पायांखाली दगडाचे तुकडे देऊनच ठेवा. प्लायचं तिथे ठेवूच नका.

आणि तिसराही एक प्रकार भेटतो, तोच जास्त फसवतो: चौकट भरीव सागाची आणि मधले पॅनेल 4 मिलिमीटरच्या सागवान प्लायचे. बिजागरी चौकटीत असल्यामुळे वरच्या परीक्षेत हे कपाट खुशाल पास होतं. म्हणून पॅनेलला वेगळी टिचकी मारा, पातळ, पोकळ आवाज आला तर समजा. असं कपाट टाकून द्यायची गरज नाही. चौकट ठेवा आणि बेसिनखालच्या बाजूचे पॅनेल काढून तिथे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या सागाच्या पातळ फळ्या आणून बसवा. फळ्या घेताना कडेचा फिकट, पांढरट भाग असलेली फळी नको म्हणा. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. पांढऱ्या भागाला कीड लागते आणि ड्रॉवरमध्ये पिठासारखा भुसा पडायला लागतो.