बिल इव्हान्स यांची मरणोत्तर प्रकाशित ध्वनिमुद्रणे: पार्श्वभूमी

अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स यांचे १५ सप्टेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले, तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. आज त्यांच्या चाहत्यांच्या संग्रहात दिसणाऱ्या तबकड्यांपैकी बऱ्याच या तारखेनंतर प्रकाशित झालेल्या आहेत. जे संगीत त्यांनी स्वतः पारखून बाहेर जाऊ दिले आणि जे त्यांच्या पश्चात इतरांनी कपाटांतून, तळघरांतून आणि खासगी ध्वनिफितींतून शोधून काढले, त्या दोहोंच्या मिश्रणातून त्यांची सध्याची प्रतिमा घडली आहे. हे मिश्रण कसे झाले, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतील त्यांचा वाटा, तिच्यातली ‘ब्लू इन ग्रीन’ ही रचना कोणाची याविषयीचा वाद आणि व्यसनांनी पोखरलेली प्रकृती या गोष्टी जॅझच्या श्रोत्याला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मात्र पुढील सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. इव्हान्स यांची पहिली तबकडी सप्टेंबर १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि पहिल्या वर्षात तिच्या सुमारे ८०० प्रती खपल्या. कंपनी दुसऱ्या तबकडीसाठी मागे लागली होती, पण सांगण्यासारखे काही नवे हाती येईपर्यंत पुन्हा ध्वनिमुद्रण करायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. दुसरी तबकडी झाली ती डिसेंबर १९५८ मध्ये. उमेदीच्या काळात, हातात फारसा पैसा नसताना, जो कलावंत सव्वादोन वर्षे थांबू शकतो, त्याच्या नावावर पुढे त्याने न निवडलेल्या संगीताचे संचामागून संच निघावेत, हा विरोधाभास अनेक जुन्या रसिकांना आजही सलतो.

चाहत्यांच्या आठवणींचा केंद्रबिंदू २५ जून १९६१ हा रविवार आहे. मॅनहॅटनच्या ग्रिनिच व्हिलेज भागातील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबमध्ये त्या दिवशी दुपारी व रात्री मिळून पाच बैठका झाल्या. इव्हान्स यांच्या त्रिकुटात डबल बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन होते. इव्हान्स यांच्या डाव्या हातातील स्वरसंघातून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांतून, ज्यावर तो संघ उभा असतो तो मूळ स्वर अनेकदा गाळलेला असे. त्यामुळे खर्जाची बाजू पूर्णपणे बासकडे जाई, आणि लाफारो ती बाजू नुसती धरून न ठेवता पियानोच्या वाक्याला मधूनच उत्तर देत, कधी वाक्य स्वतःच पुरे करत. याला साथसंगत म्हणणे अपुरे आहे आणि जुगलबंदी म्हणावे तर तीत चढाओढ नाही. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेले. ते पंचवीस वर्षांचे होते. त्यानंतर निघालेल्या पहिल्या तबकडीसाठी इव्हान्स आणि निर्माते यांनी लाफारो ठळकपणे ऐकू येतील अशी निवड केली. तिची सुरुवात आणि शेवट लाफारो यांच्याच रचनांनी होतो. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही त्याच दिवसाची दुसरी तबकडी पुढच्या वर्षी आली. म्हणजे ज्या रविवाराला आज परिपूर्ण दिवस म्हणून मान दिला जातो, तो श्रोत्यांना अनेक वर्षे एका शोकमग्न निवडीतूनच ऐकू येत होता. सर्व बैठकांचा क्रमवार तीन तबकड्यांचा संच निघाला तो २००५ मध्ये. त्यात पहिल्याच रचनेच्या पहिल्या प्रयत्नात मध्येच ध्वनिमुद्रण तुटते ते तसेच ठेवलेले आहे. ग्लासांचा किणकिणाट आणि गप्पांची कुजबुज तर आधीपासूनच ऐकू येत होती. त्या तळघरात बसलेल्या मंडळींपैकी काहींनी जितके लक्ष दिले नसेल, तितके लक्ष देऊन आज जगभरचे रसिक ती कुजबुजसुद्धा ऐकतात.

सर्वांत मोठा मतभेद मात्र त्याच क्लबमधील वेगळ्या ध्वनिमुद्रणांवरून आहे. १९६६ ते १९७५ या काळात एक निष्ठावंत चाहता इव्हान्स तिथे वाजवत असताना वेळोवेळी लपवलेला रेकॉर्डर घेऊन बसत असे. इव्हान्स यांना याची कल्पना नव्हती. या फितींतून निवडलेला आठ तबकड्यांचा संच १९९६ मध्ये, म्हणजे इव्हान्स यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, एका प्रस्थापित कंपनीने अधिकृतपणे प्रकाशित केला. संचाच्या नावातच या बैठका गुप्तपणे टिपल्याचे सांगितलेले होते. आपल्याकडे खासगी मैफलींच्या फिती रसिकांच्या घरोघरी फिरल्या आणि त्यांच्यामुळे काही बुजुर्गांचे गाणे टिकले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यातल्या पुष्कळ फिती यजमानाने गायकाच्या डोळ्यांसमोर रेकॉर्डर ठेवून केलेल्या असत. इथे तसे नव्हते, आणि वाद नेमका त्या फरकाचा आहे.

प्रकाशनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा की, या दशकात कंपन्यांनी इव्हान्स यांना सिम्फनी वाद्यवृंदासोबत बसवण्यापर्यंत नाना प्रकारच्या योजनांत गुंतवले, आणि रात्री क्लबमध्ये चाललेले रोजचे काम त्यात पुरेसे उतरलेच नाही. बासवादक एडी गोमेझ १९६६ मध्ये आले आणि सुमारे अकरा वर्षे राहिले. या काळात ड्रमवादक मात्र बदलत गेले, आणि प्रत्येकासोबत तीच परिचित गाणी वेगळ्या चालीने श्वास घेऊ लागली. त्यांपैकी ‘फिली’ जो जोन्स यांच्यासोबत ऑगस्ट १९६७ मध्ये झालेले अधिकृत ध्वनिमुद्रणसुद्धा १९८२ पर्यंत पडून होते. अशा स्थितीत त्या चाहत्याच्या फिती नसत्या तर वादनातला हा बदल टप्प्याटप्प्याने ऐकण्याची सोय राहिली नसती, हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

विरोधकांचे म्हणणे आवाजाच्या दर्जापुरते नाही. आवाज खरखरीत आहे हे सगळेच मान्य करतात. त्यांचा आक्षेप संमतीला धरून आहे. इव्हान्स एकेक रचना वर्षानुवर्षे वाजवत, आणि क्लबमधील रात्र त्यांच्यासाठी चुकून पाहण्याची, एखादी जागा फसली तर ती फसू देण्याची जागा होती. ध्वनिमुद्रण चालू आहे हे माहीत असलेला वादक वेगळा वाजवतो आणि ते माहीत नसलेला वेगळा. यातला दुसरा प्रकार जास्त खरा आहे असे समर्थक मानतात. विरोधक म्हणतात की नेमके तेच खरेपण त्याच्याकडून न विचारता घेतलेले आहे. प्रस्तुत लेखकाला ही हरकत पटते, आणि तरीही तो संच कोणी फडताळातून काढून टाकावा असे वाटत नाही. फिती करणाऱ्याने हे प्रेमापोटी केले याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण खासगी आनंदासाठी फीत करणे हा एक निर्णय आहे आणि ती विक्रीस आणणे हा दुसरा. चर्चेत या दोन निर्णयांची सतत गल्लत होते, त्यामुळे पहिल्याला माफ करणारा माणूस दुसऱ्यालाही मान्यता देतो असे धरले जाते. दुसरा निर्णय घेणाऱ्यांनी तो किमान लपवला नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवावे लागेल.

याच्या तुलनेत स्टुडिओतून सापडलेल्या सामग्रीविषयी कमी तक्रार आहे. ड्रमवादक जॅक डिजॉनेट १९६८ मध्ये जेमतेम सहा महिने या त्रिकुटात होते. त्यांच्या सहभागाचा एकच अधिकृत पुरावा म्हणजे त्या वर्षी जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या माँट्रो महोत्सवात झालेली मैफल, असे दीर्घकाळ समजले जाई. तिच्यानंतर पाच दिवसांनी जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागातील एका स्टुडिओत केलेले ध्वनिमुद्रण २०१६ मध्ये बाहेर आले. त्यानंतर हिलव्हर्सम, लंडन आणि ब्युनोस आयरेस येथील जुनी ध्वनिमुद्रणेही शोधून प्रकाशित झाली. ब्लॅक फॉरेस्टमध्ये मायक्रोफोन समोर होता आणि वादकांना ते माहीत होते, एवढ्याने नैतिक प्रश्न बराच हलका होतो.

मरणोत्तर प्रकाशनाने ऐकण्याची दिशाही बदलते, याचे उदाहरण १९८१ मध्ये आलेली ‘यू मस्ट बिलीव्ह इन स्प्रिंग’ ही तबकडी आहे. ती ऑगस्ट १९७७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली होती. तिच्यातली एक रचना १९७३ मध्ये आत्महत्या केलेल्या त्यांच्या सहचारिणीला, तर दुसरी मोठा भाऊ हॅरी यांना उद्देशून आहे. हॅरी यांनी १९७९ मध्ये आयुष्य संपवले, आणि पुढच्या वर्षी इव्हान्सही गेले. त्यामुळे तबकडी आली तेव्हा श्रोत्यांनी ती पूर्ण शोकगीत म्हणून ऐकली आणि आजही ऐकतात. प्रत्यक्षात ‘पुन्हा भेटू’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली ती रचना वाजवली गेली तेव्हा भाऊ हयात होता. शोक त्या संगीतात नाही असे नव्हे. पण त्यातला किती इव्हान्स यांचा आणि किती आपण नंतर मिळवलेला, हे वेगळे करून ऐकण्याची सवय फार थोड्यांनी लावून घेतली आहे.

शेवटच्या महिन्यांचे ध्वनिमुद्रण तर अतिविपुल आहे. बासवादक मार्क जॉन्सन आणि ड्रमवादक जो लाबार्बेरा यांच्यासोबत व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये जून १९८० मध्ये झालेल्या बैठकांचा सहा तबकड्यांचा संचही १९९६ मध्येच निघाला. सॅन फ्रान्सिस्कोतील एका क्लबमध्ये ऑगस्टअखेरीपासून ८ सप्टेंबरपर्यंत झालेल्या कार्यक्रमांचे आठ-आठ तबकड्यांचे दोन संच मागाहून आले. ‘नार्डिस’ या रचनेच्या सुरुवातीचे एकट्या पियानोचे आलाप या काळात इतके लांबत की बास आणि ड्रम कितीतरी मिनिटे स्वस्थ थांबलेले असत. सगळ्या रात्री ओळीने ऐकणाऱ्याला हे आलाप दररोज नवे वळण घेताना ऐकू येतात. त्यांतले शेवटचे वादन इव्हान्स यांच्या मृत्यूच्या आठवडाभर आधीचे आहे, आणि त्यातून काय ठेवायचे, काय वगळायचे हे ठरवायला ते उरले नव्हते.