किशोर बंदीगृहांतील ख्रिस्ती स्वयंसेवा

किशोर बंदीगृहांतील ख्रिस्ती स्वयंसेवा : गुन्ह्याच्या आरोपावरून किंवा न्यायालयाच्या आदेशाने बंद ठेवलेल्या मुलामुलींना चर्चची माणसे ठरलेल्या वारी, विनावेतन जाऊन भेटतात, त्यांच्याबरोबर प्रार्थना, बायबलवाचन, गाणी आणि बऱ्याचदा नुसत्या गप्पा करतात, ती प्रथा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही पंथांत ती रुजली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात तुरुंगात पडलेल्याला भेटणे म्हणजे ख्रिस्तालाच भेटणे असे सांगितले आहे. स्वयंसेवकांच्या तोंडी हाच उतारा सर्वांत जास्त असतो. प्रथा अनेक देशांत असली तरी तिला सर्वाधिक संघटित रूप अमेरिकेत आले. त्यामुळे ही नोंद प्रामुख्याने अमेरिकेविषयी, आणि त्यातही लॉस एंजेलिसविषयी आहे.

पूर्वपीठिका : या कामाची युरोपातील दोन उगमस्थाने लक्षात घ्यावी लागतात. इटलीतील तुरिन शहरात १८४१ मध्ये धर्मगुरू झालेला जॉन बोस्को आपले गुरू कफासो यांच्यासोबत तुरुंगात जाऊ लागला. सुटलेली पोरे थोड्याच दिवसांत पुन्हा आत आलेली पाहून, तुरुंगाबाहेर त्यांना कोणीच नसते हे त्याने ताडले. १८५५ मध्ये ‘जनेराला’ या किशोर तुरुंगातील शेकडो मुलांना पहारेकऱ्यांविना दिवसभराच्या सहलीला नेऊन त्याने सगळ्यांना परत आणले, अशी कथा त्याने स्थापलेल्या सालेशियन संघाच्या परंपरेत आवर्जून सांगितली जाते. तपशिलांना परंपरेने थोडे उजळवले असेल. पण शिक्षेच्या धाकापेक्षा विवेक, धर्म आणि माया यांवर भर देणारी त्याची पद्धत पुढे या संघाच्या शाळा आणि वसतिगृहांतून जगभर गेली.

दुसरे नाव मेरी कार्पेंटर यांचे. ब्रिस्टॉलच्या या युनिटेरियन (त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) बाईंनी १८४६ मध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. १८५२ मध्ये किंग्जवूड येथे आणि १८५४ मध्ये, फक्त मुलींसाठी, ‘रेड लॉज’ येथे त्यांनी सुधारशाळा उघडल्या. लहान मुलांना मोठ्या कैद्यांत डांबू नये हा त्यांचा आग्रह १८५४ च्या ब्रिटिश कायद्यात उतरला. १८६६ पासून त्या चार वेळा भारतात आल्या. मुंबई-पुण्यातील शाळा आणि तुरुंग त्यांनी पाहिले, आणि अशाच सुधारशाळा इथेही असाव्यात असे सरकारला सुचवले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारसंस्था मात्र त्याआधीच, १८५७ मध्ये, सुरू झालेली होती.

अमेरिकेतील पहिले ‘हाउस ऑफ रेफ्यूज’, म्हणजे मुलांचे सुधारगृह, न्यूयॉर्कमध्ये १८२५ च्या नववर्षदिनी उघडले. ते चालवणारे सद्हेतूचे प्रॉटेस्टंट होते, आणि आयरिश कॅथलिक पोरांनाही ते आपल्याच उपासनेला बसवत. कॅथलिक धर्मगुरूंना आत येऊ देण्यावरून अनेक दशके भांडण चालले. त्यातूनच १८६३ मध्ये कॅथलिकांनी मुलांसाठी स्वतःची वेगळी संस्था काढली. पुढे शिकागोत १८९९ साली जगातील पहिले बालन्यायालय सुरू झाले. मुलांची बंदीगृहे सरकारी झाली, आणि धर्माचे काम करणाऱ्यांना तेथे मालकाऐवजी पाहुण्याच्या नात्याने यावे लागले. या बदलाने त्या कामाचे भलेच झाले असे म्हणावे लागते.

पाहुण्याला दार बंदही असू शकते. १९५८ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातील एका छोट्या गावचा पाळक डेव्हिड विल्करसन न्यूयॉर्कला आला. एका मुलाच्या खुनाबद्दल खटला चालू असलेल्या सात किशोरांचे चित्र त्याने मासिकात पाहिले होते. न्यायाधीशांना गाठून त्या मुलांना भेटण्याची परवानगी मागावी म्हणून तो भर न्यायालयात पुढे झाला, आणि पोलिसांनी त्याला बाहेर काढले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हातात बायबल घेतलेला त्याचा फोटो आला. ज्यांच्यासाठी तो आला होता ती मुले त्याला भेटली नाहीत. पण रस्त्यावरच्या टोळ्यांत हा फोटो त्याची ओळख ठरला, कारण पोलिसांनी हाकलले तो आपला माणूस. यातून ‘टीन चॅलेंज’ ही संस्था उभी राहिली.

स्वरूप : आज या क्षेत्रात ‘यूथ फॉर ख्राइस्ट’चा बालन्याय विभाग, १९८७ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये काम करणारी ‘स्ट्रेट अहेड मिनिस्ट्रीज’, आणि प्रौढांच्या तुरुंगांतील ‘कैरोस’ या संघटनेची तरुणांसाठीची ‘टॉर्च’ ही शाखा प्रमुख आहेत. ‘टॉर्च’मध्ये शनिवार-रविवारचे शिबिर होते आणि त्यानंतर काही महिने एकेका मुलाला एकेक मार्गदर्शक भेटत राहतो. पण कामाचा मोठा भाग नाव नसलेल्या गटांचा असतो. एखाद्या चर्चमधील निवृत्त शिक्षक, नर्स, दुकानदार, स्वतः कधीकाळी आत राहून आलेला एखादा, अशी चारसहा माणसे दर मंगळवारी किंवा रविवारी जातात.

आत जाण्याआधी बोटांचे ठसे, पूर्वचारित्र्याची तपासणी, बऱ्याच ठिकाणी क्षयरोगाची चाचणी आणि प्रशिक्षण असते. २००३ च्या संघीय कायद्यानंतर लैंगिक अत्याचार ओळखणे आणि कळवणे हा त्या प्रशिक्षणाचा अनिवार्य भाग झाला. मोबाईल, किल्ल्या, पाकीट दाराशी ठेवायचे. मुलांना भेटवस्तू द्यायची नाही, फोन क्रमांक द्यायचा नाही, गुन्हा काय केला ते विचारायचे नाही. बायबल बहुधा मऊ पुठ्ठ्याचेच चालते. पेन्सिली मोजून वाटायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. मुलाने अत्याचाराची किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची गोष्ट काढली, तर ती पोटात ठेवता येत नाही; हे त्याला आधीच सांगून ठेवणे चांगला स्वयंसेवक विसरत नाही.

बैठक साधारण तासाभराची असते. मुले एकसारख्या कपड्यांत, अनेक ठिकाणी हात पाठीमागे धरून, ओळीने येतात. वाचता न येणे किंवा अडखळत वाचणे इतके सर्रास असते की पुढ्यात पुस्तक देऊन वाचायला सांगणे म्हणजे चारचौघांत अपमान करणे होय. म्हणून गोष्ट सांगतात. भावांनी विकलेला आणि खोट्या आरोपावरून कैदेत गेलेला योसेफ, उधळ्या पुत्राचा दाखला, तुरुंगात मध्यरात्री गाणारे पौल आणि सीला, हे पाठ पुन्हा पुन्हा घेतले जातात. उधळ्या पुत्राची गोष्ट मात्र जपून सांगावी लागते. बाप धावत येऊन गळ्यात पडतो हा त्या गोष्टीचा गाभा, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी बाप पाहिलेलाच नसतो.

निकालाआधीच्या बंदीगृहात मुले काही दिवस किंवा आठवडे असतात. गेल्या आठवड्यात रडलेला मुलगा या आठवड्यात तिथे असेलच असे नाही, आणि तो कुठे गेला हे सांगायला कर्मचारी बांधील नसतात. स्वयंसेवकाजवळ देण्यासारखी एकच गोष्ट असते : त्या इमारतीत पगारासाठी न आलेला आणि मुलाबद्दल न्यायालयाला अहवाल न लिहिणारा मोठा माणूस बहुधा तोच असतो. तो आला नाही तर मुलांना लगेच कळते. म्हणूनच उत्साहाने चार आठवडे येऊन गायब होणाऱ्यांना चॅप्लेन, म्हणजे बंदीगृहासाठी नेमलेले धर्मोपदेशक, नको म्हणतात.

लॉस एंजेलिस : येथील ‘सेंट्रल जुवेनाइल हॉल’ या किशोर बंदीगृहात कॅथलिक चॅप्लेन असलेल्या सिस्टर जॅनेट हॅरिस यांनी १९९६ मध्ये मुलांसाठी लेखनवर्ग सुरू केला. त्यातून ‘इनसाइडआउट रायटर्स’ ही संस्था झाली. या वर्गाला धर्माचे लेबल नव्हते. मुले वहीत आई, टोळी, मेलेले मित्र यांबद्दल लिहीत आणि मोठ्याने वाचत. वर्गातील एका मुलाला पुढे खुनाबद्दल प्रौढांच्या न्यायालयात जन्मठेप झाली. पुरावा तोकडा आहे याची खात्री पटलेल्या सिस्टरनी वकील मिळवले आणि पाठपुरावा सोडला नाही. अखेर २००५ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. प्रार्थनेसाठी आत गेलेली माणसे अशी न्यायाच्या भानगडीत ओढली जातात. काही चर्चना ते रुचत नाही, पण टाळणेही अवघड असते.

याच शहरातील डोलोरेस मिशन या चर्चचे जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) धर्मगुरू ग्रेग बॉयल बंदीगृहांत मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, म्हणत असत. सुटलेल्यांना नोकरी कोणी देत नाही हे पाहून त्यांनी १९८८ मध्ये जे काम उभारले, त्याचे आजचे नाव ‘होमबॉय इंडस्ट्रीज’. बेकरी, कॅफे, छपाईचे कपडे यांबरोबरच अंगावरचे टोळीचे टॅटू काढून देण्याची मोफत सोयही तेथे आहे. २०२४ मध्ये बॉयल यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

कायदा आणि संमतीचा प्रश्न : कोठडीतील व्यक्तीला आपला धर्म पाळता यावा याची हमी २००० च्या संघीय कायद्याने दिली, आणि किशोरांची बंदीगृहेही त्याच्या कक्षेत येतात. दुसऱ्या बाजूने, सरकारने धर्मप्रसार करू नये असे राज्यघटना सांगते. आयोवा राज्यात प्रौढ कैद्यांसाठी सरकारी पैशाने चालवलेला ‘प्रिझन फेलोशिप’ या ख्रिस्ती संस्थेचा कार्यक्रम २००६ मध्ये याच कारणाने घटनाबाह्य ठरला आणि पुढल्या वर्षी अपिलातही तो निर्णय मुख्यतः कायम राहिला. स्वखर्चाने येणाऱ्या स्वयंसेवकांना मात्र, हजेरी ऐच्छिक असेल तर, अडचण नाही.

पण ऐच्छिक म्हणजे काय? उपासनेला जायचे नसेल तर खोलीत कुलूपबंद बसायचे, असा पर्याय असेल तर चौदा वर्षांचे पोर उपासनेलाच येणार. तिथे मुलीही असतील किंवा बिस्किटे मिळतील असे कळले, तर नक्कीच येणार. या गर्दीला धार्मिक जागृती समजणारे अहवाल काही संस्था देणगीदारांना पाठवतात. हात वर करून ख्रिस्ताला स्वीकारणाऱ्यांचे आकडे त्यात असतात. जाणते चॅप्लेन अशा आकड्यांपासून दूर राहतात. काही ठिकाणी बाप्तिस्म्यासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि ते योग्यच आहे. मुस्लिम, यहुदी किंवा मूळनिवासी परंपरेतील मुलांना तितक्याच सहजतेने आपले मार्गदर्शक मिळत नाहीत, हीदेखील खरी तक्रार आहे. कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांच्या कित्येक पट प्रमाणात बंदिस्त होतात. त्यांना भेटायला येणारे गट मात्र पुष्कळदा उपनगरांतील सुखवस्तू गोऱ्या मंडळींचे असतात.

परिणाम : या भेटींमुळे मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाहीत, असा दावा सावधपणे घ्यावा. टेक्ससमधील प्रौढ कैद्यांच्या एका ख्रिस्ती कार्यक्रमाचा २००३ मध्ये अभ्यास झाला. तो पूर्ण करणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ८ टक्केच पुन्हा तुरुंगात गेले, तर तुलनेच्या गटातील २० टक्के. हा आकडा खूप गाजला. परंतु मध्येच सोडून गेलेल्यांसह सर्वांना मोजले तर प्रमाण २४ टक्के निघते, म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा किंचित वाईटच. जे टिकले ते मुळातच टिकणारे होते, हा आक्षेप किशोरांच्या बाबतीतही लागू पडतो. सुटकेनंतर नोकरी, शाळा आणि राहायला जागा यांच्याशी जोडलेले काम त्यामानाने भक्कम पायावर आहे.

सद्यःस्थिती : अमेरिकेत २००० साली एका दिवसाच्या गणनेत एक लाखाहून अधिक मुले बंदिस्त होती, २०२० मध्ये ती संख्या सुमारे २५ हजारांवर आली. त्याच वर्षी कोविडमुळे स्वयंसेवकांना दारे बंद झाली. कॅलिफोर्नियाने ३० जून २०२३ रोजी राज्य पातळीवरील किशोर बंदीगृहांची यंत्रणाच गुंडाळली आणि गंभीर गुन्ह्यांतील मुले जिल्ह्यांकडे सोपवली. त्यामुळे ‘जुवेनाइल हॉल’मध्ये आता काही आठवड्यांसाठी आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाशेजारी विशीतला, काही वर्षे तिथेच काढणारा तरुण असतो. योसेफाची गोष्ट त्याने दहा वेळा ऐकलेली असते. त्याच्यासाठी स्वयंसेवक हल्ली महाविद्यालयाचे अर्ज, न्यायालयातील सुनावणीची तयारी आणि ज्याला दुखावले त्याच्या घरच्यांना पत्र कसे लिहावे, यांवर बसतात.